तिसऱ्यांदा नीट नको, आधी पोराचं ऐका

तुमच्या पत्रात मुलाच्या दोन वेळच्या नीटच्या मार्कांना दोन ओळी आहेत आणि "लातुरात शिकून पोरगा डॉक्टर झाला नाही तर भावकी काय म्हणेल" याला अख्खं पान. मला घोर लागलाय तो त्या पानाचा. पोरगा धड जेवत नाही, दार लावून बसतो, असं तुम्हीच लिहिता आणि लगेच विचारता, तिसऱ्या वर्षाची फी भरू का? नका भरू. भावकीला परीक्षा द्यायची नाही.

त्याला सिव्हिल करून बांबूच्या इमारतींच्या जोडांवर काम करायचंय. तुम्ही म्हणता, "किल्लारी बघितलेल्या बापानं पोराला झोपड्या बांधायला धाडायचं का?" भाऊ, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे माणसं दबली ती जाड दगडमातीच्या भिंतींखाली, मातीच्या जड माळवदाखाली. घर जितकं जड तितका भूकंपाचा हिसका मोठा. बांबू हलका आहे, ही त्याची जमेची बाजू. पण "बांबू लवतो, म्हणून घर पडत नाही" हे पोराचं म्हणणंही कच्चंच. बांबूचे धागे उभे. लांबीच्या दिशेनं तो ताण छान सोसतो, पण बोल्टसाठी भोक पाडलं की तिथूनच उभा चिरतो, तोही एकदम. म्हणून जोड पेराच्या गाठीजवळ घेतात, पोकळीत सिमेंटचा मसाला भरतात, बाहेरून पट्टी आवळतात. पट्ट्या चिकटवून केलेल्या लॅमिनेटेड बांबूच्या तुळईतही बांबू फाटायच्या आधी पोलादी बोल्ट वाकला पाहिजे. भूकंपाची ताकद त्या वाकण्यात जिरते. प्रयोगशाळेत असा जोड यंत्रावर मागेपुढे ओढून, तो कधी ढिला पडतो ते बघतात. बांबूच्या बांधकामाला आयएस 15912 हे भारतीय मानक आहे. हे झोपडीचं काम नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं आहे.

नुसत्या बांबूवर पोट भरेल असं मी म्हणणार नाही. पदवी सिव्हिलचीच घ्यावी, काँक्रीट आणि पोलादही नीट शिकावं. त्यासाठी एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा, पुढे एमटेकसाठी गेट. आयआयटी रुरकीत भूकंप अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे. बारावीला गणित होतं का, ते तुम्ही लिहिलं नाही. डॉक्टरकीच्या नादात सोडलं असेल तर आधी ते पास व्हावं लागेल, आणि त्या वर्षाचा दोष पोराच्या माथी मारू नका.

आज त्याला जेवायला शेजारी बसवा, नीटचा विषय काढू नका. मला पुढचं पत्र त्यालाच लिहू द्या.