लेकीचं लग्न आणि आईचा चेहरा

"वय दिसायला लागलंय, इंजेक्शन घेऊ का?" लातूरमध्ये माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या पंचेचाळिशीच्या पुढच्या बायका हे आता उघडपणे विचारतात. अशाच एका शिक्षिकेची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

बाई 47 वर्षांच्या, औशाकडच्या एका शाळेत शिकवतात. वैशाखात थोरल्या लेकीचं लग्न होतं. एका पार्लरवालीने त्यांना लग्नाआधीचं पॅकेज सुचवलं होतं: कपाळावरच्या सुरकुत्यांसाठी बोटॉक्सचं इंजेक्शन, गाल भरदार दिसावेत म्हणून त्यांत टोचायचं जेल म्हणजे फिलर, आणि वांगासाठी पीलिंग, म्हणजे औषधाने त्वचेचा वरचा थर काढणं. त्यासाठी त्या पतसंस्थेचं कर्ज काढायला निघाल्या होत्या आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. "मॅडम, माझं चुकायलंय का, तेवढंच सांगा," म्हणाल्या.

नीट दिसावंसं वाटणं यात लाजण्यासारखं काही नाही. रोज उन्हातान्हात स्कूटीवर शाळा गाठणाऱ्या बाईला गालांवरचे काळे डाग नको वाटले, तर तिला 'आता वय झालं' असं सुनावणं मला क्रूर वाटतं. खटकलं ते कर्ज, आणि त्याहून जास्त लपवाछपवी.

विचारलं, "लेकीचं लग्न नसतं, तरी केलं असतं?" त्या बराच वेळ गप्प होत्या. मग बोलल्या, "साखरपुड्यात पाहुण्यांतल्या एकीनं विचारलं, ह्या नवरीच्या आजी का? सगळे हसले. मी बी हसले." तेव्हापासून झोप नव्हती, फोटो काढताना त्या मागे सरकायच्या. मिस्टर त्यांच्याहून मोठे. कलप लावून मांडवात मिरवतील, त्यांना कुणी काही म्हणणार नाही, हेही रडता रडता बाहेर आलं. तो राग रास्त होता. गालात काही भरून तो निवला नसता.

मग मी त्यांना माहिती दिली. बोटॉक्स स्नायूला मिळणारा नसेचा निरोप काही काळ अडवतं. असर साधारण 3 ते 4 महिने राहतो, पुढे पुन्हा खर्च. फिलर रक्तवाहिनीत गेलं तर तिथली त्वचा मरू शकते, क्वचित नजरही जाते. हे काम पार्लरचं नाही, त्वचारोगतज्ज्ञाचं आहे. आणि कार्य तोंडावर आलेलं असताना असलं काही पहिल्यांदा करूच नये. सूज आणि काळे-निळे डाग उतरायला वेळ लागतो.

खरी काळजीची गोष्ट त्यांच्या पर्समधून निघाली. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून आणलेली, कित्येक महिने तोंडाला लावलेली ट्यूब. तिच्यात स्टिरॉइड होतं. अशा मलमाने आधी उजळ वाटतं, मग कातडी पातळ आणि लाल होते, नको तिथे लव वाढते. एकदम बंद केलं तरी चेहरा भडकू शकतो, म्हणून तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सोडायचं. पाळीही अनियमित झाली होती, रात्री घाम फुटायचा. मी त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडेही पाठवलं. हिमोग्लोबिन 9 निघालं. पाळी कायमची थांबल्यावर पहिल्या 5 वर्षांत त्वचेतलं कोलॅजन सुमारे 30 टक्क्यांनी घटतं, हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे पुढं आणखी बदलणार. माहीत असलेलं बरं."

पुढच्या भेटीपर्यंत त्यांनी साखरपुड्याची गोष्ट घरी सांगितली होती. लेक खवळली, मिस्टरांनी मान खाली घातली. कर्ज रद्द झालं. लग्नापर्यंत लोहाच्या गोळ्या, सनस्क्रीन, तोंडाला स्कार्फ आणि त्वचारोगतज्ज्ञांचं औषध एवढंच चाललं. वांग थोडा फिका झाला, पूर्ण गेला नाही. वरमायांच्या फोटोत मात्र त्या पुढे उभ्या होत्या.

दिवाळीनंतर त्यांनी भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्स घेतलं, स्वतःच्या पगारातून, घरी सांगून. आठ्यांमुळे पोरांना आपण कायम रागावलेल्या वाटतो, हे त्यांना सलत होतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पण दिवसातले तास आरशासमोर जात असतील, चेहऱ्यापायी बाहेर पडणं बंद झालं असेल, किंवा एक उपचार झाला की लगेच दुसरी खोड दिसत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. लातूर, नांदेड, अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग आणि मनोविकार हे दोन्ही विभाग आहेत. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येतं.