मुलगी स्टेशनवर पायऱ्या मोजते

कोथरूडच्या एका वडिलांचं पत्र आलंय. त्यांची लेक बारावी सायन्सला आहे, गणित उत्तम. दिवाळीत आजीला घेऊन हे लोक गावी निघाले, तर एका जंक्शनवर ऐन वेळी गाडीचा फलाट बदलला. गुडघेदुखीच्या आजीला पूल चढवून पलीकडे नेईपर्यंत गाडी सुटता सुटता राहिली. तेव्हापासून मुलगी जिथे जाईल तिथल्या स्टेशनच्या पायऱ्या मोजून वहीत लिहिते आणि ‘मला स्टेशनं डिझाइन करायचीत’ म्हणते. वडील विचारतात, ‘असा कुठे कोर्स असतो का? गपचूप सिव्हिल घे म्हणतो, तर रुसून बसते.’

साहेब, त्या नावाची पदवी बारावीनंतर मिळणार नाही, हे खरं. पण काम आहे आणि ते भरपूर आहे. ते नक्की काय असतं, हे आधी तुम्हीच समजून घ्या, कारण बहुतेकांना ते दर्शनी भागाची सजावट वाटते. आपल्या पुणे मेट्रोच्या डेक्कन आणि संभाजी उद्यान स्थानकांच्या पगडीसारख्या छपरांचे फोटो सगळ्यांनी काढले. त्या छपराखाली माणसं कशी हलतात, हे कुणी पाहिलं?

स्टेशनवर गर्दी सतत नसते, ती घोटाघोटाने येते. समजा लोकलमधून 600 माणसं उतरली आणि दोन मीटर रुंदीचा एकच जिना आहे. मीटरभर रुंदीतून मिनिटाला पन्नास माणसं चढली, तर फलाट रिकामा व्हायला सहा मिनिटं लागतात. पुढची गाडी चार मिनिटांत आली की 200 जण अजून खालीच असतात. त्यात पाऊस आला, की वर पोचलेली माणसंही बाहेर न पडता पुलावरच थांबतात. 29 सप्टेंबर 2017 ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर पावसात अशीच माणसं अडकली आणि चेंगराचेंगरीत 23 जण गेले. जिन्याची रुंदी हा माणसांच्या जिवाचा हिशेब असतो. अमेरिकेतल्या एनएफपीए 130 या अग्निसुरक्षा मानकात तर अपेक्षाच अशी धरलीय की संकटात फलाट 4 मिनिटांत रिकामा व्हावा आणि 6 मिनिटांत सगळे सुरक्षित जागी पोचावेत.

आता आजींचा प्रश्न. पायऱ्यांऐवजी उतार करायचा, तर नेहमीचा हिशेब एकास बारा, म्हणजे मीटरभर चढायला बारा मीटर लांबी. पूल सहा मीटर उंच असेल, तर नुसता उतारच 72 मीटर लांब होतो, शिवाय मध्ये विसाव्याचे सपाट टप्पे. तेवढी जागा फलाटावर कुठून आणणार? म्हणून लिफ्ट. ती कुठे ठेवायची, बंद पडली तर काय, तिच्यापर्यंत सामान घेऊन कसं पोचायचं आणि ती आहे हे आजींना कळणार कसं, हे सगळं ठरवणारी माणसं लागतात. अंधांना वाट दाखवणाऱ्या उठावाच्या फरश्याही अशाच कुणाच्या तरी विचारातून आल्या: जपानमध्ये सेइइची मियाके यांनी 1965 मध्ये त्या तयार केल्या. आपल्याकडे कधी कधी त्याच पट्ट्यावर चहाचा ठेला दिसतो, तो भाग वेगळा.

कोर्सचं बोलू. तुमचं सिव्हिल चुकीचं नाही. एमएचटी-सीईटी देऊन सिव्हिल, मग एम.टेक.साठीची गेट परीक्षा आणि ट्रान्सपोर्टेशनमध्ये, म्हणजे वाहतुकीत, एम.टेक. हा सरळ मार्ग आहे. रेल्वेच्या स्थापत्य विभागातच नोकरी करायची असेल, तर सिव्हिलच लागतं. दुसरी वाट बी.आर्क.ची, म्हणजे आर्किटेक्चरची: पाच वर्षं, प्रवेशाला नाटा ही परीक्षा किंवा जेईई मेनचा पेपर 2ए. खास मुलींसाठीचं भानुबेन नानावटी आर्किटेक्चर कॉलेज तुमच्या शेजारीच कर्वेनगरला आहे, एकदा तिथे चक्कर मारा. शहरांच्या नियोजनाचं चार वर्षांचं बी.प्लॅनिंगही आहे, त्याला जेईई मेनचाच पेपर 2बी. पुढे दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये ट्रान्सपोर्ट प्लॅनिंगचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. सुरुवातीचा पगार आयटीतल्या भाच्याशी ताडू नका, घरात भांडणं होतात.

निवड कशी करायची? तिची वही उघडून बघा. मी थट्टा करत नाहीये. त्यात नकाशे, जिन्यांची चित्रं, ‘इथे बाक हवा’ असं काही असेल, तर आर्किटेक्चर. आकडे, वेळा, ‘इथे इतकी मिनिटं रांग’ असं असेल, तर सिव्हिल आणि मग वाहतूक. निव्वळ पाट्यांवरच राग निघालेला असेल, तर मग डिझाइनकडे बघायचं, त्यासाठी युसीडची परीक्षा असते. वहीत काहीच नसेल आणि नुसता हट्ट असेल, तर खुशाल तुमचं ऐकायला लावा.

एक रविवार तिच्याबरोबर जिल्हा न्यायालय (पूर्वीचं सिव्हिल कोर्ट) मेट्रो स्थानकावर घालवा. खालचा फलाट जमिनीखाली सुमारे 33 मीटर, तर दुसऱ्या मार्गिकेची गाडी वर पुलावरून. एका गाडीतून उतरून दुसरी पकडायला किती सरकते जिने लागतात, कुठे माणसं थबकून पाटी शोधतात, हे तिला घड्याळ लावून लिहू द्या. नंतर दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढून पुणे स्टेशन. ते दोन तास चालतं, तेवढ्यात बरंच दिसतं. फोटो काढत बसू नका, कुणीतरी हटकेल. वहीला कुणी हटकत नाही.

आणि परत आल्यावर वहीचं दिवाळीचं पान मला पाठवा. आजी कितव्या पायरीवर टेकल्या, हे तिने लिहिलंय का, ते मला बघायचंय.