फ्लॅटमधल्या अँथुरियम आणि कॅलाथियाच्या कडा करपतायत. ह्युमिडिफायर घेऊ की गच्चीवर छोटं ग्रीनहाऊस करून घेऊ?

दोन्ही नको. आधी कुंडी उपडी करा.

तुम्ही लिहिलंय की पुण्यात राहता, क्रिस्टलिनम जातीचं अँथुरियम आणलं तेव्हा तजेलदार होतं, आता खालची पानं पिवळी पडून कडेनं काळी होतायत, कॅलाथियाच्या कडा कुरकुरीत झाल्यात, आणि नर्सरीवाला म्हणतो ही झाडं ग्रीनहाऊसमधलीच, घरात टिकायची नाहीत. हे शेवटचं वाचलं आणि राहवलं नाही. कारण हेच वाक्य मी आमच्या धाकट्या भाऊजींच्या तोंडून दर गणपतीत ऐकते, तेही सगळी पंगत बसलेली असताना.

भाऊजींना लॉकडाऊनमध्ये झाडांचं वेड लागलं. तेव्हा सगळ्यांनाच लागलं होतं म्हणा, पांढऱ्या पट्ट्यांच्या मॉन्स्टेराच्या एका डोळ्याच्या कटिंगला लोक हजारो रुपये मोजत होते. पण भाऊजी पडले इंजिनिअर, त्यामुळे चार कुंड्या आणून गप्प बसतील तर शपथ. चिंचवडच्या घराच्या गच्चीवर लोखंडी अँगल उभे केले, २०० मायक्रॉनचा पॉलिथिनचा कागद चहूबाजूंनी ताणून बसवला, आत पाण्याचं बारीक धुकं सोडणारा फॉगर, त्याला टायमर, आणि खर्चाचा विषय जाऊबाईंसमोर आजही काढायचा नाही. मी आपली पूर्वेच्या गॅलरीला शेडनेट बांधून त्यात माझी अँथुरियमं, फिलोडेंड्रॉनं ठेवली होती. ती बघून म्हणाले, "वहिनी, यांना ८० टक्के ह्युमिडिटी लागते, तुमच्या गॅलरीत ही एप्रिल काढायची नाहीत."

आता पुण्यात मार्च-एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास येते, कधी त्याच्याही खाली जाते, हे खरंच आहे, त्यात मी वाद घालत नाही. पण एप्रिलमध्ये त्यांच्या शेडमध्ये डोकं घातलं तर नुसता कुकर. कागद चारी बाजूंनी बंद, वर गरम हवा जायला फट नाही आणि फॉगर सुरू. फॉगरनं गारवा येतो तो पाण्याची वाफ होऊन ती बाहेर जाते म्हणून. आतली हवा आधीच ओलीगच्च असेल तर ते पाणी उडणार कुठे? मग ते पानांवर बसतं. तळेगाव-मावळकडे गुलाब-जरबेराची पॉलिहाऊस आहेत ती जाऊन बघा, छपराला वर उघडं व्हेंट ठेवलेलं असतं, बाजूचे पडदे वर गुंडाळता येतात. भाऊजींना हे सांगितलं तर म्हणाले, व्हेंट ठेवलं तर ह्युमिडिटी निघून जाईल. बरं.

आणि पाणी बोअरचं. प्रत्येक पानावर पांढरे ठिपके, पुसले तरी जात नाहीत. ते एक वेळ ठीक, नुसतं दिसायला वाईट. पण पावसाळ्यात त्यांच्या अँथुरियमच्या पानांच्या कडांना आधी पाणी मुरल्यासारखे डाग आले, मग ते तपकिरी झाले, भोवती पिवळी कड, आणि एकेक झाड देठापासून गळायला लागलं. हा करपा जिवाणूंचा असतो. अँथुरियमच्या पानाच्या कडेला बारीक छिद्रं असतात, रात्री हवा दमट असली की झाड त्यातून पाण्याचे थेंब बाहेर टाकतं, पहाटे कडेला मोत्यांसारखे दिसतात ते, आणि जिवाणू त्याच वाटेनं आत शिरतो. पानं सतत ओली ठेवायची, वरून पाणी उडवायचं, हवा कोंडायची, म्हणजे त्याला पाट-रांगोळीच. हवाईमध्ये १९८० च्या दशकात याच रोगानं अँथुरियमचे मळेच्या मळे बसले होते. तुमच्या कडा काळ्या होतायत म्हणता, तर भोवती पिवळी वलयं आहेत का ते आधी बघा. असतील तर ते पान कापून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको, आणि ती कात्री स्पिरिटनं पुसल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका. ह्युमिडिफायर तर अशा वेळी अजिबातच नको.

वलयं नसतील तर मग मुळं. पैज लावून सांगते, बहुतेक मुळंच निघतील. नर्सरीत होतं असं की टिश्यू कल्चरचं, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेलं रोप कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, जाळीदार छोट्या पेल्यात येतं आणि ते तसंच्या तसं, जाळीसकट, लाल मातीत दाबून विकतात. बाहेरची माती आवळून दगड होते, मधला कोकोपीटचा गोळा पाणी धरून बसतो, वरून बोट घालून बघाल तर कोरडं, म्हणून तुम्ही आणखी पाणी घालणार. कुंडीतून काढलंत की तो गोळा हातानं फोडा. चांगलं मूळ जाड, पांढरट आणि दाबलं तर कडक असतं. सडलेलं मूळ चिमटीत धरून हलकेच ओढा, वरची साल मोज्यासारखी निघून हातात येते आणि आत नुसता दोरा राहतो. अशी मुळं निघाली तर पानांवर महिनाभर धुकं सोडलंत तरी उपयोग नाही, पाणी वर ओढणारंच कुणी शिल्लक नाही ना. कडा करपतात त्या म्हणून, हवा कोरडी म्हणून नव्हे. हे मी भाऊजींना किती वेळा सांगितलं असेल.

अँथुरियम, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन ही सगळी आपल्या अळूच्या कुळातली. पण अळू मोरीच्या पाण्यावर मजेत वाढतं म्हणून यांना तसं ठेवायचं नाही. अँथुरियमच्या बऱ्याच जाती मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलात झाडांच्या फांद्यांवर नाहीतर सुट्या पालापाचोळ्यात वाढतात, त्यांच्या मुळांना हवा लागते. मी नारळाच्या सोडणाचे हरभऱ्यापेक्षा थोडे मोठे तुकडे, लोणारी कोळसा फोडून, परलाइट (पांढरे हलके सच्छिद्र खडे) आणि मूठभर गांडूळखत असं मिसळते. माती शून्य. सोडणं मात्र आधी भिजवून पाणी दोन-तीनदा बदला, त्यात मीठ असतं. कुंडी लहान, शक्यतो पारदर्शक प्लॅस्टिकची, म्हणजे मुळं दिसतात आणि उगाच उकरावं लागत नाही. या मिश्रणात पाणी भरपूर घाला, खालून सगळं निघून जाऊ दे. माझी क्रिस्टलिनम याच गॅलरीत एप्रिल काढतात, नवीन पान आधी तांबूस आणि लिबलिबीत येतं, मग हळूहळू हिरवं मखमली होत त्यावर चंदेरी शिरा उमटतात, आणि हे भाऊजींनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. त्यावर त्यांचं म्हणणं काय, तर "वहिनींचा हात चांगला आहे." हात! म्हणजे त्यांची झाडं गेली ती हवामानामुळे, आणि माझी जगली ती हातगुणामुळे.

कॅलाथियाचं दुखणं वेगळं, ते पाण्यात आहे. पुण्यात घरोघरी आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत धरून झाडांना घालतात. काटकसर चांगलीच, पण त्या पाण्यात मशीनमध्ये जाणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. जास्वंद दोन दिवस खपवून घेईल, कॅलाथिया नाही घेत. टँकरचं, बोअरचं पाणीही तसंच. क्षार पानाच्या टोकाला आणि कडेला जाऊन साठतात आणि तिथूनच पान वाळतं. पावसाचं पाणी धरा, नाहीतर एसीच्या नळीतून ठिबकतं ते, त्यात क्षार जवळजवळ नसतात. करपलेली कड परत हिरवी होत नाही, नवीन पान कसं येतंय ते बघायचं.

ग्रीनहाऊसचं म्हणाल तर काचेची ती घरं तिकडच्या लोकांनी बांधली थंडीसाठी. लंडनला क्यूच्या बागेतलं पाम हाऊस १८४८ मध्ये पूर्ण झालं, ते गरम ठेवायला खाली बॉयलर होते. आपल्याकडे प्रश्न बरोबर उलटा, इथे कोंडलेली उष्णता बाहेर काढायची असते. मुंबईत, कोकणात मॉन्स्टेरा उघड्यावर नारळावर चढतो. तुम्हाला गच्चीवर काही करायचंच असेल तर ७५ टक्क्यांची शेडनेट आणि खाली ओली जमीन, एवढ्यात भागतं.

आता हे सगळं सरसकट लागू नाही, ते पण सांगते. वीचाय, वॉरोक्वेनम असली लांब पानांची अँथुरियमं घेतलीत तर पुण्याच्या उन्हाळ्यात कोरड्या हवेत त्यांचं नवीन पान उमलतानाच फाटतं किंवा अर्धवट अडकतं, त्यांना काचेचं कपाट आणि आत छोटा पंखा लागतो. तिथे भाऊजींचं बरोबर आहे, पण ते बोलत होते क्रिस्टलिनमबद्दल. दिवसभर एसी चालणाऱ्या खोलीत झाड असेल तर तिथून हलवा. उन्हाळ्यात पानाच्या मागे बारीक जाळी आणि धुळीसारखे ठिपके दिसले तर तो लाल कोळी, त्याला कोरडी हवा खरंच मानवते, पानं मागून पुढून ओल्या फडक्यानं पुसा आणि संध्याकाळी निंबोळी तेल फवारा. आणि थंडीत अलोकेशियाची, म्हणजे अळूच्याच कुळातल्या आणखी एका शोभेच्या झाडाची, पानं झडली तर कुंडी फेकू नका, पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० च्या खाली जातो, ती झोपी जाते, खाली गड्डा जिवंत असतो. पाणी कमी करून फेब्रुवारीपर्यंत थांबा.

ह्युमिडिफायर घ्यायचाच असेल तर आधी दोन-तीनशे रुपयांचं हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजायचं यंत्र, आणून आठवडाभर झाडाशेजारी ठेवा. आकडा ५० च्या वर राहिला तर ते पैसे वाचले. आणि पुढच्या वेळी विचाराल तेव्हा पानांचे फोटो नकोत, माती झटकून मुळांचा एक टाका.