साडेचारचा अंधार

मी समुपदेशक. पुण्यात दिवाळीचा फराळ संपत आला की माझ्या मेलबॉक्समध्ये एक प्रश्न हमखास उगवतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं एक तास मागे जातात आणि तिकडे वॉशिंग्टन राज्यातल्या सिएटल, रेडमंड, बॉथेलमधल्या मराठी घरांत दुपारी साडेचारलाच दिवे लावावे लागतात. मग पत्रं येतात. ‘मॅडम, इथलं आभाळ आता सहन होत नाही. टेक्सासला जाऊ का?’ कधी टेक्सासच्या जागी ॲरिझोना असतं, कधी फ्लोरिडा. बाकी मजकूर तोच, म्हणून आज एका जोडप्याची हकीकत लिहिते. दोघांची परवानगी आहे. नावं बदलली आहेत, गावं मात्र खरी ठेवली आहेत, कारण गावं बदलली तर गोष्टच बदलेल.

अनघा सोलापूरची, निखिल चिपळूणचा. एवढ्यावरूनच भांडणाचा अंदाज यावा. आमची पहिली भेट अर्थातच स्क्रीनवर झाली. त्यांची रात्र साडेआठ, माझी सकाळ दहा. अनघा म्हणाली, “मॅडम, चौदा दिवस झाले, मी माझी सावली बघितलेली नाही.” निखिल शेजारून म्हणाला, “मला तर हे आभाळ बघून घरी आल्यासारखं वाटतं.”

निखिलने एक एक्सेल शीट केलं होतं. घर, शाळा, पगार, विमानतळ, इडलीचं पीठ कुठे मिळतं, अशा तेवीस ओळी आणि प्रत्येक ओळीला दहापैकी गुण. बेरीज होती सिएटल 168, डॅलसजवळचं फ्रिस्को 171. तीन गुणांसाठी कोणी बिऱ्हाड उचलत नाही आणि तीन गुण कमी पडले म्हणून कोणी रडायचं थांबत नाही. तरी मी ते शीट नीट वाचलं. ‘टेक्सासमध्ये टॅक्स नाही’ या ओळीला दहापैकी दहा होते. अहो, पगारावरचा राज्याचा कर वॉशिंग्टनमध्येही नाही! उलट टेक्सासमध्ये घरपट्टी जड, दरवर्षी घराच्या किमतीच्या दीड-दोन टक्के सहज. घर स्वस्त मिळतं हे खरं, पण शीटमध्ये ही ओळ चुकीच्या रकान्यात होती. दोघं हसले. अशा शीटचा उपयोग मला एवढाच की त्यात काय लिहिलेलं नाही ते दिसतं. त्या तेवीस ओळींत माणसांची एकही ओळ नव्हती.

आधी शरीराचं बघून घेतलं. यात मी तडजोड करत नाही. हिवाळ्यासोबत येणारं आणि वसंतात मावळणारं नैराश्य हा नुसता ‘मूड’ नसतो. मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 साली त्याचं रीतसर वर्णन केलं. रोझेन्थल स्वतः दक्षिण आफ्रिकेतल्या उन्हातून न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात आलेले, म्हणजे दुखणं आतून माहीत असलेले. सलग दोन-तीन हिवाळे झोप वाढते, गोड आणि पिठूळ खावंसं वाटतं, सकाळी अंथरूण सुटत नाही, असं असेल तर आधी तिथल्या डॉक्टरांकडे जावं आणि स्थलांतराचं नंतर बोलावं. सिएटल 47 अंशांपेक्षाही उत्तरेला आहे. 21 डिसेंबरला सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि चार वीसला मावळतो. हिवाळ्यातल्या त्या तिरप्या उन्हात त्वचेला ड जीवनसत्त्व बनवताच येत नाही. (भर उन्हाच्या पुण्यात राहून माझ्या मैत्रिणींच्या रिपोर्टमध्येही ते कमीच असतं, तो भाग वेगळा.)

अनघा डॉक्टरांकडे गेली. गोळ्या सुरू झाल्या, दहा हजार लक्सचा, म्हणजे अगदी प्रखर उजेडाचा दिवा आला. रोज सकाळी अर्धा तास त्याच्यासमोर चहा. तीन आठवड्यांत उठणं सोपं झालं. पण संध्याकाळचं जे होतं ते होतंच. साडेचार वाजले की पोटात खड्डा.

मी विचारलं, “जुलैमध्ये कशा असता?”

“जुलैमध्ये बरी असते. जुलैमध्ये माणसं दिसतात ना.”

हे उत्तर मी त्या दिवशी वहीत लिहिलं आणि पुढे गेले. कबूल करते, ऐकू आलं पण पोचलं नाही. कारण मी वेगळ्याच गोष्टीवर खूश होते. पहिल्या भेटीपासून माझ्या लक्षात आलं होतं की बोलताना अनघाची नजर सारखी माझ्या खांद्यावरून मागे जाते. माझ्या मागे खिडकी आहे. दहाच्या सुमारास तिच्यातून ऊन आत येतं आणि गजांच्या सावल्या भिंतीवर पडतात. एकदा मी विचारलं, “डोळ्यांवर येतंय का? पडदा लावू?” ती घाईने म्हणाली, “नको, राहू द्या ना.” मला वाटलं, सापडलं! ही बाई उन्हाची भुकेली आहे. पुढची तीन सत्रं मी त्याच दिशेने नेली.

चौथ्या वेळी ती बोलता बोलता मध्येच थांबली. निखिलही थांबला. मला वाटलं नेटवर्क गेलं. पण ती हसत होती. म्हणाली, “मेथी कशी दिली ते विचारा ना.”

खाली भाजीवाला आला होता. मला त्याची हाक रोजची, त्यामुळे ऐकूच आली नव्हती. अनघा मात्र पहिल्या दिवसापासून तीच ऐकत होती. हातगाडी, पलीकडच्या गॅलरीतून दोरीने खाली सोडलेली पिशवी, कुणीतरी कुणाला मारलेली हाक. नजर खिडकीकडे जात होती, पण कानांच्या मागोमाग.

मग मी तो प्रश्न विचारला जो पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. “सोलापुरात तुम्ही उन्हात किती वेळ असायचात?”

“उन्हात कोण बसतंय ओ मॅडम सोलापुरात! वेड लागलंय का कुणाला?”

आणि ती सांगत सुटली. जुळे सोलापुरातलं घर. मे महिन्यात त्रेचाळीसचा पारा. बारा वाजता दारं-खिडक्या बंद, आई फरशीवर ओल्या पंच्याने तोंड झाकून आडवी. गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. आणि सहा वाजता एकेक दार उघडायचं. बायका दारात पाणी मारायच्या, तापलेल्या फरशीतून वाफ यायची. कुणी पायरीवर बसायचं, कुणी दारात उभं राहायचं. कोण परीक्षेत नापास झालं, कुणाच्या घरी सोयरीक आली, कुणाचं दूध नासलं, सगळं त्या तासाभरात. “आई म्हणायची, दिवसभर मेलेलं माणूस सहाला जिवंत होतं.”

“आणि रेडमंडमध्ये सहाला काय होतं?”

बराच वेळ शांतता. मग ती म्हणाली, “गॅरेजचं दार वर जातं, गाडी आत जाते, दार खाली येतं.”

मी तीस वर्षं हे काम करते. अशी शांतता ओळखू येते आणि अशा वेळी आपण तोंड मिटून बसायचं असतं, एवढं आता जमतं. निखिल तिच्याकडे बघत होता. आभाळावरून दोन वर्षं भांडण झालं, त्याचं कारण साधं होतं. आभाळाचा दोष कुणाच्याच माथी येत नाही. ‘मला इथे कुणी नाही’ म्हटलं असतं, तर ते नवऱ्याला लागलं असतं.

इथे थोडं शिकवण्याच्या सुरात बोलते, चालवून घ्या. 1998 साली डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानेमान या संशोधकांनी अमेरिकेच्या मध्यभागातल्या आणि कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, तुम्ही किती समाधानी आहात? दोन्हीकडचं उत्तर जवळजवळ सारखं आलं. पण ‘तुमच्यासारखं माणूस तिकडे राहत असेल तर किती समाधानी असेल?’ असं विचारल्यावर दोन्हीकडचे म्हणाले, कॅलिफोर्नियावाला जास्त. हवेचा विचार करायला बसलं की हवाच मोठी दिसते. राहायला गेल्यावर मात्र मंगळवार असतो, डबा असतो, ट्रॅफिक असतो. म्हणून मी सगळ्यांना सांगते की ‘ते राज्य की हे शहर’ असं विचारू नका. आत्ता जो तास जड जातो, तो उचलून तिकडे ठेवा. तिथे मंगळवारी साडेचारला तुम्ही कुठे असाल, समोर कोण असेल? उत्तरात फक्त ऊनच असेल, तर तिकीट काढायची घाई करू नका.

आणि तो तास आधी इथेच थोडा बदलून बघा. अनघाला मी म्हटलं, लेकीला शाळेतून गाडीने आणता, ते चालत आणा. पाऊस आहे? असू दे. सिएटलच्या पावसाचा बोलबाला फार आहे. वर्षभरात तिथे साधारण हजार मिलिमीटर पडतो, म्हणजे मुंबईत एकट्या जुलैत जेवढा पडतो त्याच्या आसपासच. तिथे कोसळत नाही, नुसती पिरपिर. त्रास होतो तो झाकोळाचा. पण ढगाळ दिवसाचा बाहेरचा उजेडही घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो.

सिएटलचे लोक सहसा छत्री वापरत नाहीत, टोपीचं जॅकेट घालतात. अनघा सासऱ्यांची चिपळूणची काळी, लाकडी मुठीची छत्री घेऊन शाळेच्या दारात उभी राहिली. सगळे बघायला लागले. चौथ्या दिवशी एक व्हिएतनामी आजी काही न बोलता त्या छत्रीखाली येऊन उभ्या राहिल्या. त्यांची नात अनघाच्या लेकीच्याच वर्गात. फेब्रुवारीपर्यंत छत्रीखाली आणि आजूबाजूला पाच बायका होत्या. शाळा साडेतीनला सुटायची, घरी पोचायला पावणेपाच. मला वाटलं, झालं काम. आता ही कुठे जात नाही.

तरी नियमाप्रमाणे मी सांगितलं की फ्रिस्को बघायला जा, पण वसंतात नको. मार्च-एप्रिलमध्ये टेक्सासच्या रस्त्याकडेला निळी फुलं असतात, तेव्हा कुणीही भुलेल. ऑगस्टमध्ये जा. 2011 साली डॅलसमध्ये 71 दिवस पारा शंभर फॅरेनहाइटला (साधारण 38 सेल्सियस) टेकला किंवा वर गेला होता. जागा तिच्या सगळ्यात वाईट महिन्यात बघावी. दक्षिणेत म्हणजे नुसतं ऊन असंही नाही. फेब्रुवारी 2021च्या बर्फात टेक्सासमधल्या लाखो घरांची वीज गेली होती, हेही विचारून या. (आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत असाल तर वकिलाला विचारल्याशिवाय शहर बदलू नका. नोकरीचं ठिकाण बदललं की काही कागद नव्याने करावे लागतात. हे समुपदेशन नाही, पण यापायी रडलेले बरेच पाहिलेत.)

खरं सांगते, ऑगस्ट तिला घाबरवेल असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. माझी चूक. अनघा मावसबहिणीकडे दहा दिवस राहून आली आणि पहिलं वाक्य होतं, “मॅडम, ते सोलापूरच आहे!” दिवसभर पडदे ओढलेले, एसी चालू, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आणि सूर्य मावळला की साडेआठला एकेक दार उघडतं. कॉलनीच्या पूलपाशी सात-आठ घरं जमतात, पोरं पाण्यात, बाया कडेला खुर्च्या टाकून. बहिणीचं घर चालत तीन मिनिटांवर.

आता खरा पेच निखिलचा होता, आणि इतके महिने मी त्याला नीट विचारलंच नव्हतं. तो हट्टाने म्हणायचा, “इथंच राहायचं.” ‘असंच व्हायला हवं’ या हट्टात दुःखाचं मूळ शोधणारे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस, मी त्यांच्या विचारांवर वाढलेली, त्यामुळे माणसाच्या बोलण्यातला ‘च’ मला लगेच टोचतो. पण मी चुकीच्या ‘च’वर बोट ठेवून बसले होते.

“तुम्हाला तिथे नेमकं काय नको वाटतं? उकाडा?”

“उकाड्याचं काही नाही. दहा वर्षांत हे चौथं शहर होईल. प्रत्येक ठिकाणी डेंटिस्ट मीच शोधायचा, प्लंबर मीच, लोकांशी ओळख मीच काढायची. इथे आता सलूनवाला मला न विचारता केस कापतो. मला हे परत शून्यापासून करायचं नाही.”

‘इथंच’मधला ‘च’ वरवरचा होता. दुखरा होता तो ‘मीच’मधला. अनघाने हे पहिल्यांदा ऐकलं. तिला आजवर वाटत होतं की याला हे सगळं करायला आवडतं. पुढच्या सत्राला ती यादी घेऊन आली, अकरा कामांची. डेंटिस्टपासून कचऱ्याच्या डब्यांच्या नोंदणीपर्यंत प्रत्येकापुढे तिचं नाव. शेवटची बारावी ओळ निखिलची होती: ‘सलून.’

शाळा संपल्यावर जूनमध्ये ते गेले. छत्री व्हिएतनामी आजींकडे राहिली.

यंदा मे महिन्यात निखिलचा व्हॉइस मेसेज आला. सुरुवातीला नुसता पाऊस, कौलांवर पडावा तसा दणदणीत, चिपळूणचा शोभेल असा. तो काहीच बोलत नव्हता, बहुधा ऐकवायलाच पाठवला असावा. मग मागून अनघाचा आवाज आला, “अरे ऐकत काय बसलायस! गारा पडतायत, गाडी आत घे आधी!”