गॅरेजमधलं घर, शेजाऱ्यांच्या सह्या आणि झोनिंग बोर्डाची पाच मतं

यावेळी अमेरिकेतल्या वाचकांची जी पत्रं आलीयत त्यातली बरीचशी एकाच विषयावर आहेत, राहत्या घराच्या आवारात अजून एक छोटं घर काढायचंय, कोणाला आई-बाबांसाठी, कोणाला भाड्यासाठी, आणि टाउन किंवा शेजारी आडवे आलेत. चार पत्रं घेतलीयत, नावं गाळलीयत. आधी एकच सांगते, झोनिंगचे नियम, म्हणजे कुठल्या जागेवर काय बांधायचं आणि ती कशी वापरायची हे ठरवणारे नियम, राज्याराज्यात आणि न्यू जर्सीसारख्या ठिकाणी तर टाउनशिपगणिक बदलतात, त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या मित्राने जे केलं ते न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये चालेल असं धरून कॉन्ट्रॅक्टरला ॲडव्हान्स देऊ नका. पत्रांतला अर्धा गोंधळ तिथूनच आलाय.

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही न्यू जर्सीत राहतो, स्वतःचं घर आहे आणि मागे सुटं दोन गाड्यांचं गॅरेज आहे. आई-बाबांचं ग्रीन कार्ड होऊन ते आता कायमचे आलेत. बाबांचे गुडघे गेलेत, जिना चढवत नाही, आणि आईला स्वतःचा ओटा हवाय, सुनेच्या किचनमध्ये तिला पाहुण्यासारखं वाटतं. म्हणून गॅरेजमध्येच छोटं अपार्टमेंट करायचं ठरवलं तर टाउनशिपने अर्ज नाकारला, सिंगल फॅमिली झोन आहे, म्हणजे एका प्लॉटवर एकाच कुटुंबाचं घर चालतं, म्हणून. वकील म्हणतात यूज व्हेरियन्ससाठी, म्हणजे जागेच्या वापराच्या नियमातून खास सूट मागायला, झोनिंग बोर्डासमोर जावं लागेल. इकडे शेजारच्या बाईंनी घरोघर फिरून आमच्याविरुद्ध सह्या गोळा केल्यात. आम्ही मंडळातल्या चाळीस-पन्नास जणांना हिअरिंगला घेऊन जावं का?

उत्तर : नको. म्हणजे नेलंत तर कोणी अडवणार नाही, पण उपयोग शून्य. झोनिंग बोर्ड ही सभा नाही, ते जवळजवळ कोर्टासारखं चालतं, साक्षीदार शपथेवर बोलतात आणि बोर्डाला पुराव्यावर निर्णय द्यावा लागतो, टाळ्यांवर नाही. आणि याच कारणाने त्या बाईंच्या सह्यांचीही धास्ती घेऊ नका, कागदावरच्या सहीला उलट प्रश्न विचारता येत नाहीत म्हणून अशा निवेदनाला हिअरिंगमध्ये पुरावा म्हणून वजन मिळत नाही. ज्यांना विरोध आहे त्यांनी स्वतः येऊन बोलायचं असतं. ते येतील हे मात्र धरून चला, कारण तुमच्या हद्दीपासून २०० फुटांच्या आतल्या प्रत्येक मालकाला किमान १० दिवस आधी तुम्हीच नोटीस द्यायची आहे आणि जाहीरपणे प्रसिद्धही करायची आहे. एखादं नाव राहिलं तर तारीख पुढे जाते, म्हणून ती यादी टाउनशिपकडून अधिकृतपणे मागून घ्या, गूगल मॅप बघून स्वतः बनवू नका.

आता खरा अवघड भाग. सिंगल फॅमिली झोनमध्ये दुसरं राहतं घर म्हणजे वापरच बदलला, आणि तिथल्या कायद्यात अशा व्हेरियन्सला सात जणांच्या बोर्डात पाच मतं बाजूने लागतात. साधं बहुमत चालत नाही, चार विरुद्ध तीन झालं तरी अर्ज फेटाळला गेला. त्यातून जुलै-ऑगस्टमध्ये सुट्ट्यांमुळे पाचच मेंबर हजर असले तर त्या पाचही जणांनी हो म्हणायला हवं. तेव्हा वकिलांना आधीच सांगून ठेवा, बोर्ड पूर्ण नसेल तर पुढची तारीख मागा, ही विनंती सर्रास केली जाते, त्यात काही कमीपणा नाही.

आणि तुम्हाला वाईट वाटेल पण बाबांच्या गुडघ्यांवर केस उभी करू नका. मला कळतंय की सगळा खटाटोप त्यांच्यासाठीच चाललाय. पण व्हेरियन्स माणसाला मिळत नाही, जमिनीला मिळतो. उद्या तुम्ही घर विकलंत तरी तो नव्या मालकाकडे तसाच जातो, म्हणून बोर्डाला विचार करावा लागतो की तुम्ही आणि आई-बाबा तिथे नसताना हे दुसरं घर त्या जागेवर योग्य ठरेल का. बोर्डासमोर दोन गोष्टी सिद्ध करायच्या असतात, एक म्हणजे ही जागा या वापराला खास योग्य का आहे आणि दुसरी म्हणजे याने आसपासच्यांचं मोठं नुकसान होत नाही आणि टाउनच्या झोनिंग प्लॅनला धक्का लागत नाही. म्हणजे बोलायचं ते हे की इमारत आधीपासून उभी आहे, एक फूटही बाहेर वाढत नाही, रस्त्यावरून दिसत नाही, ड्राइव्हवेवर गाड्या मावतात, सांडपाण्याची लाइन अशी जोडता येते. हे तुम्ही स्वतः सांगण्यापेक्षा लायसन्सवाल्या प्लॅनरने सांगायला हवं. प्लॅनरची फी वाचवायचा मोह खूप होतो, पण वाचवायचंच तर किचनच्या टाइल्सवर वाचवा, इथे नाही.

अजून एक, आजकाल बऱ्याच टाउन्सच्या बोर्डांवर आपली माणसं आहेत आणि ही चांगलीच गोष्ट आहे. पण दिवाळीच्या कार्यक्रमात त्यांना गाठून अर्जाचा विषय काढू नका. हिअरिंगच्या बाहेर अर्जदाराशी बोलणं झालं तर त्यांना त्या केसमधून बाजूला व्हावं लागू शकतं, आणि मग पाचातलं एक मत तुम्हीच घालवलंत.

शेजारच्या बाईंकडे मात्र जरूर जा, तारखेच्या बरंच आधी, ड्रॉइंग घेऊन, शक्यतो आईला बरोबर घेऊन. सह्या घेत फिरणाऱ्या माणसाला बहुतेकदा कोणीतरी काहीतरी वेगळंच सांगितलेलं असतं, की इथे चार पोरं भाड्याने ठेवणार वगैरे. त्यांची भीती खिडकीची असेल तर खिडकी दुसऱ्या बाजूला घ्या, दिव्याची असेल तर दिवा खाली वळवा, कुंपण हवं असेल तर लावून द्या. बोर्ड मंजुरीसोबत अटी घालू शकतं, तेव्हा तुम्ही त्या आधीच मान्य करून गेलात तर फरक पडतो.

आणि हे सगळं करण्याआधी झोनिंग ऑफिसरला एक साधा प्रश्न विचारा, मुख्य घराला जोडून तळमजल्यावर खोली, बाथरूम आणि छोटा ओटा काढला, आतून दार ठेवलं, तर तुमच्या टाउनमध्ये ते एकच कुटुंब, एकच घर धरतात का? न्यू जर्सीत याला मदर-डॉटर हाउस म्हणतात आणि अनेक टाउन्सना ते चालतं. वेगळं घर सहसा कशाने ठरतं, तर स्वतंत्र किचन, स्वतंत्र दार आणि मधलं कुलूप. ते मधलं कुलूप टाळता आलं तर कदाचित बोर्डापर्यंत जायची वेळच येणार नाही.

प्रश्न : आम्ही फ्रीमाँट, कॅलिफोर्निया. बॅकयार्डमध्ये ७०० स्क्वेअर फुटांचं एडीयू (मुख्य घराच्या आवारातलं छोटं स्वतंत्र घर) बांधायचंय. मागचे शेजारी म्हणतात हिअरिंगला येऊन हाणून पाडू, आणि एचओएने (वस्तीतल्या घरमालकांच्या संघाने) तर पत्रच दिलंय की आमच्या नियमांत बसत नाही. भाड्याने देता येईल का, पुढे वेगळं विकता येईल का, आणि प्रॉपर्टी टॅक्स सगळ्या घरावर नव्याने लागेल का?

उत्तर : शेजाऱ्यांना हिअरिंगला यायचं असेल तर आधी हिअरिंग व्हायला हवं, आणि तुमच्याकडे ते होतच नाही! कॅलिफोर्नियाने २०१६ पासून एकामागून एक कायदे करून हा निर्णय सिटीच्या मर्जीतून काढून घेतलाय. नियमांत बसणारं एडीयू सिटीच्या स्टाफने नुसतं चेकलिस्ट लावून मंजूर करायचं, पूर्ण अर्ज हातात आल्यापासून ६० दिवसांत. मागून आणि बाजूने चार फूट सोडा, ८०० स्क्वेअर फुटांपर्यंतचं आणि १६ फूट उंचीचं असेल तर प्लॉटवर किती टक्के बांधकाम चालतं असला नियम पुढे करून तुम्हाला अडवता येत नाही. तुमचं ७५० च्या खाली आहे म्हणजे इम्पॅक्ट फी (नव्या बांधकामाचा सार्वजनिक सोयींवर जो भार येतो त्याची फी) सुद्धा नाही, हा आकडा लक्षात ठेवा, आर्किटेक्ट म्हणेल जरा मोठं करू, तर आधी हिशोब करा.

एचओएचं पत्र फाइलला लावून ठेवा. २०१९ च्या एका कायद्याने सिंगल फॅमिली प्लॉटवर एडीयूला सरसकट बंदी घालणारे किंवा अवाजवी अडथळे आणणारे एचओएचे नियम रद्दबातल ठरवलेत. रंग, छप्पर असल्या वाजवी गोष्टी ते सांगू शकतात, त्या ऐका, भांडण वाढवू नका.

भाड्याने देता येईल, फक्त ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीच्या भाड्याला सिटी मनाई करू शकते, म्हणजे एअरबीएनबीचा हिशोब धरून लोन काढू नका. वेगळं विकायचं म्हणाल तर २०२३ च्या कायद्याने शहरांना कॉन्डोसारखं, म्हणजे वेगळ्या मालकीच्या फ्लॅटसारखं, विकू द्यायची मुभा दिली पण ते शहराच्या इच्छेवर आहे, सॅन होजेने २०२४ मध्ये ते स्वीकारलं, तुमच्या सिटीचं काउंटरवर विचारा. टॅक्सची काळजी नको, १९७८ च्या प्रॉपोझिशन १३ मुळे जुन्या घराची किंमत नव्याने लावत नाहीत, नव्या बांधकामाची जी किंमत ठरेल तेवढी वर चढते.

प्रश्न : कॉन्ट्रॅक्टर म्हणतो बेसमेंट अपार्टमेंटला परमिटच्या भानगडीत पडू नका, सगळेच करतात, दोन महिन्यांत भाडं सुरू.

उत्तर : करू नका. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाचा पाऊस न्यू यॉर्कवर कोसळला, शहरात १३ माणसं गेली, त्यातली ११ बेसमेंटमध्ये राहणारी होती. बहुतेक शहराच्या क्वीन्स भागातली, बहुतेक आपल्यासारखीच बाहेरून आलेली. पाणी जिन्यावरूनच आत येत होतं आणि बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती. परमिट काढताना इन्स्पेक्टर जी खिडकी मागतो ना, जिच्यातून माणूस बाहेर पडू शकेल आणि जिची खालची कड आतल्या फरशीपासून ४४ इंचांपेक्षा उंच नसेल, ती याचसाठी. परमिटमध्ये तुमचे काही महिने जातील, जाऊ देत. आणि उद्या आग लागली तर इन्शुरन्स कंपनी पहिला प्रश्न परमिटचाच विचारणार आहे. तुमच्या टाउनमध्ये बेसमेंट अपार्टमेंट मंजूरच होत नसेल तर त्या बेसमेंटमध्ये भाडेकरू ठेवू नका, विषय संपला.

प्रश्न : माझी बाजू उलटी आहे, छापाल की नाही माहीत नाही. आमच्या टाउनशिपमध्ये सगळ्या सिंगल फॅमिली रस्त्यांवर एकेक जादा अपार्टमेंट चालेल असा ठराव येतोय. आम्ही भाड्याच्या घरांत वर्षं काढून, पै पै जमवून या शांत रस्त्यावर आलो. आता पार्किंग, शाळेतली गर्दी, घराच्या किमती... आम्ही विरोध केला तर आम्ही वाईट?

उत्तर : छापतेय, आणि तुम्ही अजिबात वाईट नाही. कष्टाने मिळवलेल्या गोष्टीची काळजी वाटणारच.

पहिल्या पत्रातल्या हिअरिंगमध्ये आणि तुमच्या ठरावात मोठा फरक आहे तो आधी बघा. तिथे एका घराचा अर्ज आहे आणि पुराव्यावर निर्णय आहे, इथे टाउनशिप कायदाच बदलतेय, म्हणजे निवडून दिलेली कौन्सिल मतदान करणार, आणि इथे तुमचं नुसतं मतसुद्धा मोजलं जातं, ईमेल करा, फोन करा, कौन्सिलवाल्यांना रस्त्यात गाठा, सगळं रीतसर आहे. ठराव एकदा मांडला जातो आणि अंतिम मतदानाआधी लोकांचं ऐकायलाच लागतं. म्हणजे बोलायची संधी नक्की आहे, प्रश्न काय बोलायचं हा आहे.

माझं मत विचाराल तर मी ठरावाच्या बाजूने आहे, आणि कारण सांगते. घरांच्या रस्त्यावर अपार्टमेंट नको हा नियम आभाळातून पडलेला नाही. फक्त एका कुटुंबाची घरं चालतील असा झोन अमेरिकेत पहिल्यांदा १९१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत आला आणि कृष्णवर्णीयांना त्या वस्तीपासून लांब ठेवणं हा त्यामागचा एक हेतू होता. बर्कलीच्याच कौन्सिलने २०२१ मध्ये ठराव करून ही पद्धत संपवायची ठरवलं. १९२६ मध्ये क्लीव्हलंडजवळच्या युक्लिड गावाचा खटला सुप्रीम कोर्टात गेला, कोर्टाने झोनिंग वैध ठरवलं, आणि त्या निकालात न्यायमूर्ती सदरलंड यांनी लिहिलंय की अशा वस्तीतली अपार्टमेंट बिल्डिंग म्हणजे पुष्कळदा निव्वळ बांडगूळ असते. बांडगूळ! तुम्ही ज्या भाड्याच्या घरांत पै पै जमवलीत, जिथे तुमची मुलं पहिल्यांदा शाळेच्या बसमध्ये चढली असतील, त्याच प्रकारच्या घरांबद्दल देशाच्या सर्वोच्च कोर्टाने हे लिहिलं होतं आणि आज टाउन मीटिंगमध्ये जे बोललं जातं त्यात तोच सूर सौम्य भाषेत असतो. आपल्या माणसांनी त्यात सूर मिसळावा हे मला खरंच सहन होत नाही.

पण तुमची पार्किंगची तक्रार खरी आहे, तिला बांडगुळाच्या पंक्तीला बसवायचं कारण नाही. तेव्हा नुसता विरोध करण्यापेक्षा ठरावाचा मसुदा टाउनशिपच्या क्लार्ककडून मागवून वाचा आणि हे विचारा : जादा अपार्टमेंटला एक गाडीची जागा प्लॉटवरच हवी का, जास्तीत जास्त किती स्क्वेअर फूट चालेल, शेजारच्या हद्दीपासून किती अंतर, मालकाने तिथे राहणं बंधनकारक आहे का, सांडपाण्याची लाइन एवढा भार घेते का आणि ते कोणी तपासलंय. यातल्या ज्याचं उत्तर मसुद्यात नसेल ते घालायला सांगा, लेखी द्या, मीटिंगला जाऊन तीन मिनिटांत मुद्देसूद बोला. आणि जमलं तर रांगेत तुमच्या पुढे-मागे जे उभे असतील त्यांनाही विचारा की ते कोणासाठी घर मागतायत.