वाचकांचे प्रश्न : गॉथ संगीत आणि काळा पोशाख

प्रश्न : मी हेवी मेटल ऐकतो. माझे मित्र म्हणतात की गॉथ हा मेटलचाच एक संथ प्रकार आहे. हे खरे आहे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : खरे नाही. काळे कपडे आणि मृत्यूविषयीचे आकर्षण दोन्हीकडे दिसत असल्यामुळे हा समज पसरला असला, तरी या दोन संगीतांची घराणी वेगळी आहेत. मेटलचा उगम 1970च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथने वाजवलेल्या जड, खरखरीत गिटारमध्ये आहे. गॉथ मात्र पंक या वेगवान, बंडखोर रॉक संगीतातून निघाले. 1976-77ची पंकची लाट ओसरू लागली तेव्हा ब्रिटनमधील काही तरुणांनी तिची बंडखोरी आणि मोजक्या साधनांत संगीत उभे करण्याची वृत्ती जपली, पण वेग आणि आरडाओरडा सोडून दिला. या संगीतात धून बहुधा बेस गिटार पुढे नेते, इलेक्ट्रिक गिटार प्रतिध्वनीत भिजून तिच्याभोवती फिरत राहते, ड्रमवादक झांजांपेक्षा टॉम-टॉमवर, म्हणजे ड्रम-संचातील घुमणाऱ्या ढोलांवर, अधिक भर देतो आणि पुरुष गायकाचा आवाज पुष्कळदा खर्जाकडे झुकलेला असतो.

इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टनच्या बाउहाउस या बँडची 1979 साली प्रसिद्ध झालेली ‘बेला लुगोसीज डेड’ ही पहिली ध्वनिमुद्रिका येथे मुद्दाम ऐकावी. 1931च्या ‘ड्रॅक्युला’ चित्रपटातील नटाच्या नावाने रचलेले हे गाणे नऊ मिनिटांहून मोठे आहे आणि गायन सुरू होण्यापूर्वी कितीतरी वेळ केवळ वाद्येच वाजत राहतात. ड्रमच्या आघातांवर चढवलेला, लांबत जाणारा प्रतिध्वनी हे जमैकाच्या डब संगीताचे, म्हणजे रेगे गाण्यांतून प्रतिध्वनीवर भर देत घडवलेल्या संगीताचे, ऋण आहे, आणि गॉथविषयी लिहिताना ते फार थोडे लोक मान्य करतात याचे मला वाईट वाटते. मेटलमध्ये गिटार सगळी जागा भरून काढते. येथे मोकळ्या सोडलेल्या जागेतूनच भीतीचा परिणाम साधला जातो. बँड स्थापन होऊन काही आठवडेच झालेले असताना चार तरुणांनी हे मुद्रण केले, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या संयमाचे मोल कळते.

प्रश्न : स्वतःला गॉथ म्हणवणारे हे लोक सैतानाची पूजा करतात का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नाही. गॉथला स्वतःचा धर्म नाही. त्यांच्या गळ्यातील क्रॉस आणि प्राचीन इजिप्तचे अंख हे चिन्ह अलंकार म्हणून वापरले जातात. ते घालणाऱ्यांत श्रद्धाळू ख्रिस्ती, नास्तिक आणि या प्रश्नाचा विचारही न केलेले लोक असे सर्व आढळतात.

प्रश्न : मी शिक्षणासाठी लीड्समध्ये राहते. या शहराला गॉथची राजधानी का म्हणतात? (एक वाचक, लीड्स)

उत्तर : लंडनमधील सोहो भागात जुलै 1982 मध्ये सुरू झालेल्या बॅटकेव्ह या क्लबची छायाचित्रे अधिक छापली गेली, परंतु संगीताच्या दृष्टीने आपल्या शहराचे काम अधिक टिकाऊ ठरले, असे माझे मत आहे. सिस्टर्स ऑफ मर्सी, मार्च व्हायोलेट्स आणि रेड लॉरी यलो लॉरी हे बँड लीड्सचेच, तर सदर्न डेथ कल्ट शेजारच्या ब्रॅडफर्डचा. ही दोन्ही शहरे ज्यात येतात त्या यॉर्कशरमधील कारखाने त्या काळी बंद पडत होते, जानेवारी 1982 मध्ये ब्रिटनमधील बेकारांची संख्या 30 लाखांपलीकडे गेली, आणि त्याआधीची कित्येक वर्षे स्त्रियांचे खून करणाऱ्या पीटर सटक्लिफच्या दहशतीत याच परिसराने काढली होती. तो जानेवारी 1981 मध्ये पकडला गेला. अशा शहरात खोलीभाडे स्वस्त होते, विद्यार्थी पुष्कळ होते आणि एफ क्लबसारख्या ठिकाणी नव्या बँडना वाजवू दिले जात होते. सिस्टर्स ऑफ मर्सीने तर माणसाऐवजी ड्रम मशीन घेतले आणि त्याला ‘डॉक्टर अ‍ॅव्हलांच’ असे नाव दिले. त्याचा न थकणारा, यंत्रवत ठोका पुढे अनेक बँडनी उचलला. या बँडचे गायक अँड्र्यू एल्ड्रिच स्वतःला गॉथ म्हणवून घेत नाहीत, तरी त्यांचा 1985चा ‘फर्स्ट अँड लास्ट अँड ऑल्वेज’ हा अल्बम वगळून हा इतिहास सांगता येत नाही.

प्रश्न : माझी 16 वर्षांची मुलगी वर्षभरापासून काळेच कपडे घालते, डोळ्यांभोवती गडद काजळ लावते आणि दिवसभर हीच गाणी ऐकते. या संगीतामुळे ती नैराश्यात जाईल का? तिला ते ऐकण्यास मनाई करावी का? (एक आई, पुणे)

उत्तर : आपली चिंता मी हलक्याने घेत नाही, म्हणून जे माहीत आहे ते स्पष्ट सांगतो. ‘द लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात 2015 साली इंग्लंडमधील 3,694 किशोरवयीनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वयाच्या पंधराव्या वर्षी स्वतःला ठामपणे गॉथ म्हणवणाऱ्यांपैकी सुमारे 18 टक्के मुलांमध्ये अठराव्या वर्षी नैराश्य आढळले, तर गॉथशी काहीच नाते न सांगणाऱ्यांमध्ये हे प्रमाण 6 टक्के होते; स्वतःला इजा करून घेण्याचे प्रमाणही गॉथ मुलांमध्ये अधिक होते. मात्र गॉथ असणे हे त्याचे कारण आहे, असे संशोधकांनी म्हटलेले नाही. आधीपासून एकटी पडलेली, छळ सोसणारी मुले या समुदायाकडे ओढली जात असण्याची शक्यता त्यांनी मांडली. शिवाय याच आकड्यांचा दुसरा अर्थ असा की बहुसंख्य गॉथ मुलांमध्ये नैराश्य आढळले नाही.

म्हणून मनाई करू नये, असे माझे कळकळीचे सांगणे आहे. दुःखाला सुरांत बसवणारे संगीत दुःखी मुलाला सोबत देते, आणि ती सोबत काढून घेतल्याने मूळ दुःख जात नाही. उलट मुलगी ते आपल्यापासून लपवू लागते. तिच्या शेजारी बसून एखादे गाणे ऐकावे आणि तिला त्यात काय आवडते ते विचारावे. लक्ष ठेवायचे ते कपड्यांवर नव्हे, तर झोप, जेवण, मैत्रिणींशी बोलणे आणि अभ्यासातील रस यांवर. यांत बदल दिसला किंवा अंगावर जखमा आढळल्या, तर विलंब न करता मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांकही उपलब्ध आहे.

आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. या मुलांना धोका पुष्कळदा बाहेरून असतो. ऑगस्ट 2007 मध्ये लँकेशरमधील बेकप गावी एका 20 वर्षांच्या तरुणीला आणि तिच्या मित्राला केवळ त्यांच्या वेशभूषेवरून टोळक्याने बेदम मारले व त्यात तिचा मृत्यू झाला. त्यानंतर तिच्या आईने चिकाटीने मोहीम चालवली, आणि 2013 साली ग्रेटर मँचेस्टरच्या पोलिसांनी अशा हल्ल्यांची नोंद द्वेषमूलक गुन्हे म्हणून करण्यास सुरुवात केली. आपल्या मुलीला नातेवाईक किंवा शेजारी तिच्या दिसण्यावरून टोचून बोलत असतील, तर त्या वेळी आपण तिच्या बाजूने उभे राहावे.

प्रश्न : माझे वय 52 आहे. आता हे संगीत ऐकायला घेतले तर सुरुवात कोठून करावी? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : वयाची अडचण मानू नये. लाइपझिग येथे 1992पासून भरणाऱ्या वेव्ह-गोटिक-ट्रेफेन या महोत्सवाला हजारो लोक येतात आणि त्यांत आपल्या वयाची माणसे मुलाबाळांसह असतात. प्रथम सूझी अँड द बॅन्शीज या बँडचा 1981चा ‘जूजू’ हा अल्बम ऐकावा. त्यातील जॉन मॅगॉक यांचे गिटारवादन मला या साऱ्या परंपरेत सर्वश्रेष्ठ वाटते. मग जॉय डिव्हिजनचा 1980चा ‘क्लोजर’ घ्यावा, पण गायक इयन कर्टिस यांनी तो प्रसिद्ध होण्याच्या दोन महिने आधी आत्महत्या केली होती, त्यामुळे मन खचलेले असेल त्या दिवशी तो लावू नये. द क्युअरचा 1989चा ‘डिसइंटिग्रेशन’ त्यानंतर ऐकावा. मोबाइलच्या स्पीकरवर यांतील बेस जवळजवळ ऐकूच येत नाही, तेव्हा चांगले हेडफोन वापरावेत.