डाऊन सिंड्रोम असलेली मुलं आणि गाण्याचा क्लास: तुमचे प्रश्न

प्रश्न: ताई, मुलगा साडेचार वर्षांचा आहे, जेमतेम सात-आठ शब्द बोलतो पण गाणं लागलं की लगेच डोलायला लागतो. गाण्याच्या क्लासला घातलं तर बोलेल का?

क्लास लावला की बोलेल असं मी कुणालाच सांगत नाही, आणि स्पीच थेरपी चालू असेल तर ती अजिबात थांबवू नका. पण गाण्याची मदत होते. या मुलांना समजतं बरंच, पण बोलून दाखवता येतं कमी, आणि नुसतं ऐकलेलं लक्षात ठेवणं जड जातं, बघितलेलं जास्त टिकतं. गाण्यात तीच ओळ त्याच चालीत परत परत येते म्हणून पुढे काय येणार ते त्याला आधीच माहीत असतं.

घरी एक करून बघा. पावसाचं नाहीतर चिऊकाऊचं छोटंसं बडबडगीत घ्या, प्रत्येक ओळीला एक हातवारा ठरवा, आणि शेवटच्या शब्दाच्या अलीकडे थांबा. मग एकदम गप्प, मनात दहापर्यंत मोजायचं. आपल्याला धीर नसतो, आपण तीनलाच शब्द सांगून मोकळे होतो आणि लेकरू सहा-सातला तोंड उघडणार असतं. माझ्याकडची एक मुलगी तीन महिने नुसता हात वर करायची, मग एक दिवस 'आ' आला, मग 'आऊस'. मी तो पाऊसच धरला आणि पुढची ओळ म्हटली.

प्रश्न: मुलीला तबला शिकायचाय पण बोटं आखूड आणि हातात जोर नाही, सर म्हणाले जमणार नाही.

सरांनी एवढ्यात हात टेकायला नको होते. स्नायू सैल असतात हे खरं, त्यामुळे मांडी घालून बसलं की दहा मिनिटांत पाठीला पोक येतो आणि मग हात काय चालणार! पाय जमिनीला पूर्ण टेकतील अशी खुर्ची द्या, तबला-डग्गा स्टँडवर ठेवा. आधी डफलीवर उघड्या पंज्याने वाजवू दे, मग डग्ग्यावरचा 'गे', तबल्यावरचे 'ना', 'तिं' हे बोल सावकाश येऊ दे. सोळा मात्रांच्या तीनतालाची घाई नको, दादरा सहाच मात्रांचा, धा धी ना धा ती ना. सहा रंगीत टिकल्या कागदावर ओळीत चिकटवा आणि प्रत्येक मात्रेला एकेकीवर बोट ठेवायला लावा, ताल डोळ्याला दिसला की हाताला सापडतो. दिवसाला दहा मिनिटं, पण रोज.

प्रश्न: सात वर्षांची मुलगी क्लासमध्ये लक्षच देत नाही, बाई म्हणतात हट्टी आहे.

हट्टी म्हणायच्या आधी कान तपासा, हे मी हात जोडून सांगते. या मुलांच्या कानाची नळी अरुंद असते, पडद्यामागे पाणी साठतं, सर्दी झाली की ऐकू कमी येतं आणि बरी झाली की परत येतं, म्हणून घरच्यांना वाटतं मुद्दाम करते. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून ऐकण्याची तपासणी दरवर्षी करा, आधी नॉर्मल आली असली तरी. क्लासमध्ये बाईंच्या समोर बसवा आणि पंखा खडखडत असेल तर बंद करा. पेटीच्या लाकडावर तिचा तळवा ठेवून 'सा' धरा, तो कंप हाताला कळतो.

आणि गाण्यावर नाचताना कोलांटी, मान जोरात झटकणं नको, काही मुलांचा मानेचा वरचा सांधा सैल असतो. मान दुखतेय, चाल बदललीय, लघवीवरचा ताबा गेलाय असं दिसलं तर लगेच डॉक्टर.

प्रश्न: मुलगा चौदा वर्षांचा, गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक या पहिल्या परीक्षेला बसवू का?

त्याला हवं असेल तर जरूर, फक्त केंद्रावर आधीच जाऊन बोला की उत्तर द्यायला त्याला वेळ लागतो. त्याला नको असेल तर आग्रह करू नका, जवळच्या भजनी मंडळात न्या. जड पितळी टाळ लगेच देऊ नका, छोटी झांज द्या, दोरी मनगटाला गुंडाळा म्हणजे हातातून निसटणार नाही, आणि पहिले काही गुरुवार तुम्ही स्वतः शेजारी बसा.